ऑफिससाठी नेट घेताय? आधी अपलोड बघा

नवीन कनेक्शन घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, स्पीड किती? आणि समोरचा जो मोठा आकडा सांगतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. घरी सिनेमे बघायला तेवढं पुरतं, पण धंद्यात डेटा बाहेर पण जातो ना, क्लाउड बॅकअप, सीसीटीव्हीचं फुटेज, व्हिडिओ कॉल, हे सगळं अपलोड.

साधा हिशोब करा. स्पीड बिटमधे मोजतात, फाइल बाइटमधे आणि १ बाइट म्हणजे ८ बिट, म्हणजे ५० जीबीचा बॅकअप १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) अपलोडवर टाकला तर ११ तास जातात, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर!

आणि खरा त्रास पुढेच आहे. अपलोड भरलं की राउटरमधे पॅकेटची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग लागते आणि इंटरनेट कॉलचं पॅकेट त्या बॅकअपच्या मागे ताटकळत बसतं. कॉलला जेमतेम १०० केबीपीएस लागतात हो, पण वेळेवर लागतात. त्यात डाउनलोड करताना 'मिळालं' अशी पोच पण अपलोडच्याच वाटेने जाते, ती अडकली की डाउनलोड पण रखडतं, मग लोक वैतागून अजून मोठा डाउनलोड प्लॅन घेतात आणि परत तेच. बॅकअप रात्री लावा, राउटरमधे कॉलला प्रायोरिटी द्या, बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

आता प्रकार. तांब्याच्या फोन लाइनवरचं डीएसएल अंतर वाढलं की गळपटतं, त्यातल्याच एडीएसएल२+ या प्रकाराचे कागदावरचे २४ एमबीपीएस टेलिफोन एक्सचेंजच्या जवळच मिळतात. फायबर मिळत असेल तर डोळे झाकून फायबर घ्या असं माझं मत, फक्त नेहमीचं फायबर पण शेअर्ड असतं हे लक्षात ठेवा. जीपॉनमधे, म्हणजे या शेअर्ड फायबरच्या एका पद्धतीत, एका धाग्यावरचे साधारण २.५ जीबीपीएस डाउन आणि १.२५ अप बऱ्याचदा ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटलेले असतात. लीज्ड लाइनवर, म्हणजे खास तुमच्यासाठी भाड्याने घेतलेल्या लाइनवर, ठरलेला स्पीड फक्त तुमचा, अप-डाउन सारखा, म्हणून तर ती इतकी महाग.

सॅटेलाइट घेताना उंची विचारा. ३५,७८६ किमीवरच्या सॅटेलाइटपर्यंत सिग्नल जाऊन खाली येणार आणि उत्तर परत त्याच वाटेने, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने सुद्धा जवळपास अर्धा सेकंद गेला, त्याला कुठलाच प्लॅन काही करू शकत नाही. ५५० किमीच्या आसपास फिरणारे सॅटेलाइट असतील तर कॉल नीट होतात.

अपटाइमचे, म्हणजे लाइन किती वेळ चालू राहणार त्याचे, आकडे पण फसवे. ९९.९ टक्के ऐकायला भारी वाटतं, पण वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिलं तरी ते बसतं त्यात! ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं. दोन कंपन्यांचं फायबर घेऊन निश्चिंत होऊ नका, दोन्ही केबल एकाच चरातून आल्या असतील तर एका खोदकामात दोन्ही तुटतात. बॅकअप लाइन वेगळ्या वाटेची हवी, ४जी किंवा ५जी चालेल, फक्त मोबाइल नेटवर सहसा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे बाहेरून ऑफिसचा सर्व्हर उघडायचा असेल तर आधी विचारून घ्या.

छोट्या दुकानाला बिलिंग आणि कार्ड मशीनसाठी साधं फायबर आणि एक सिम पुष्कळ झालं. लीज्ड लाइन त्यांनी घ्यावी ज्यांचा तासभराचा खोळंबा महिन्याच्या जादा भाड्यापेक्षा महाग पडतो, आणि घेताना लाइन किती तासात दुरुस्त होणार ते कागदावर लिहून घ्या.