भुकेचा पत्ता: जठर, मेंदू आणि मन

पोटात कावळे ओरडतात असे म्हणणारी मराठी आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे शरीरक्रियाशास्त्र यांचे भुकेविषयीचे मत जवळपास एकच होते. हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन यांनी ते प्रयोगाने तपासायचे ठरवले, आणि त्यांचे सहकारी ए. एल. वॉशबर्न यांनी त्यासाठी रबरी नळी गिळण्याची सवय लावून घेतली. नळीच्या टोकाचा फुगा जठरात फुगवला की जठराच्या हालचालींची नोंद होई आणि भुकेची कळ जाणवताच वॉशबर्न बटण दाबत. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आधी आकुंचन वाढते आणि ते भरात आल्यावर कळ जाणवते, असे दिसले. त्यामुळे आकुंचन हेच भुकेचे कारण मानले जाऊ लागले. मात्र १९३१ साली वँगेनस्टीन आणि कार्लसन यांनी अशा एका रुग्णाची हकिकत नोंदवली, ज्याचे जठर शस्त्रक्रियेने पूर्ण काढले होते आणि तरीही ज्याला भूक लागत होती.

मग शोध मेंदूकडे वळला. हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी १९४० मध्ये उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाचा) मधला भाग निकामी केला, तेव्हा उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. यापुढचा टप्पा एका भारतीयाच्या नावावर आहे. पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शरीरक्रियाशास्त्र विभाग उभा करणारे डॉ. बाल कृष्ण आनंद येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करत होते. १९५१ साली त्यांनी दाखवले, की हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंचा एक छोटा भाग नष्ट केला, तर उंदीर समोर अन्न असूनही उपाशी मरतो. त्या भागाला त्यांनी ‘आहार केंद्र’ म्हटले. बाजूचे केंद्र खायला लावणारे, मधले थांबवणारे, ही मांडणी इतकी सुटसुटीत होती, की पाठ्यपुस्तकांत ती अनेक वर्षे तशीच राहिली.

तिला पहिला तडा चवीने दिला, आणि या इतिहासातला सर्वांत उद्बोधक भाग मला तोच वाटतो. टायटेलबॉम आणि स्टेलर यांनी १९५४ मध्ये ‘आहार केंद्र’ नष्ट केलेल्या उंदरांना नळीने अन्न देऊन जगवले, तेव्हा काही दिवसांनी ते पुन्हा खाऊ लागले. पण आधी ओलसर आणि चविष्ट पदार्थ, नेहमीचे कोरडे खाद्य बरेच नंतर. उलट बाजूने, बेसुमार खाणाऱ्या लठ्ठ उंदरांच्या अन्नात कडू क्विनाइन मिसळताच त्यांनी ते नाकारले. त्यांची भूक अनावर होती असे म्हणावे, तर ती कडूपुढे हटायला नको होती. त्याच १९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर यांनी मेंदूच्या काही भागांत विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर पुन्हा पुन्हा खटका दाबत राहतात, हे दाखवले आणि सुख हा विषय प्रयोगशाळेत आला. आनंद यांच्या ‘केंद्रा’तून डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे तंतू जातात, त्यांना इजा झाल्यानेही खाणे थांबते, हे पुढे स्पष्ट झाले. केंट बेरिज यांनी १९८९ च्या सुमारास आणखी बारीक भेद केला: डोपामिन जवळजवळ संपलेला उंदीर अन्नाकडे वळत नाही, पण जिभेवर साखर ठेवली तर चव आवडल्याच्या खुणा त्याच्या तोंडावर उमटतात. म्हणजे हवेसे वाटणे आणि आवडणे ही दोन वेगळी कामे आहेत. मराठीत खा-खा सुटणे आणि चवीने खाणे हे शब्दप्रयोग कधीच एकमेकांच्या जागी येत नाहीत.

भावनांचा धागा माणसांवरील अभ्यासातून आला. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धोत्तर युरोपातील उपासमार झालेल्यांना कसे सावरावे, हे समजून घेण्यासाठी ते चालले होते. बंगालचा दुष्काळ त्याच्या एकच वर्ष आधीचा, आणि तिथल्या भुकेची अशी मोजदाद कोणी केली नाही. सुमारे चतुर्थांश वजन घटलेले हे तरुण चिडचिडे आणि उदास झाले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटल्या चाटू लागले. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काहींची तृप्ती महिनोन्महिने परतली नाही. भावनेमुळे माणूस खातो असे आपण सहज म्हणतो. इथे उपासमारीने भावनाच बदलल्या होत्या.

१९६८ मध्ये स्टॅन्ली शॅक्टर यांच्या प्रयोगात विजेच्या झटक्याची भीती घातल्यावर सामान्य वजनाच्या व्यक्तींनी कमी बिस्किटे खाल्ली, लठ्ठ व्यक्तींच्या खाण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांना दिसले, की सतत खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर ते नंतर आइस्क्रीम कमी नव्हे, जास्त खातात. खाण्याच्या सवयी तपासणाऱ्या १९८६ च्या एका डच प्रश्नावलीने भावनिक, बाह्य संकेतांनी होणारे आणि संयमित असे खाण्याचे तीन रकाने केले. आपल्याकडच्या पंगतीत आग्रहाने वाढलेला, नको म्हणूनही पानात पडलेला लाडू यांपैकी कुठे बसवायचा, हा प्रश्न मात्र उरतो.

दरम्यान रक्तातल्या संदेशवाहकांचा शोध चालूच होता. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने मेदपेशींतून येणाऱ्या, भूक आवरणाऱ्या लेप्टिनचे जनुक शोधले. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना भूक वाढवणारे घ्रेलिन सापडले, आणि तेही मुख्यतः जठरात, म्हणजे कॅनन जिथे फुगा फुगवत होते तिथेच. २०२५ पासून भारतात वजन कमी करण्यासाठी मिळू लागलेले सेमाग्लुटाइड हे औषध आतड्यातील एका संप्रेरकाची नक्कल करते. ते जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूवरही काम करते. ते घेणारे अनेक जण भूक कमी झाल्याबरोबरच डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार थांबल्याचेही सांगतात.