शेजाऱ्याला जामीन राहणे: धर्मग्रामातल्या पतपेढीमागचा इतिहास

वसईपासून झारखंडातल्या छोटा नागपूरपर्यंत ख्रिस्ती वस्त्यांमध्ये पतपेढ्या निघाल्या, तेव्हा त्यांच्या मुळाशी एक जुना प्रश्न होता. गरजू माणसाला मदत करायची, तर ती दान म्हणून की कर्ज म्हणून? कर्ज म्हणून दिली, तर बुडीताचा भार कोणी सोसायचा?

व्याजाबद्दलची चर्च परंपरेतली मनाई सर्वांना ठाऊक आहे. त्या मनाईतून वाट काढत इटलीत पंधराव्या शतकात धर्मादाय गहाणपेढ्या उभ्या राहिल्या. पेरुजियातली पेढी १४६२ची. वस्तू गहाण ठेवून छोटी रक्कम मिळे आणि पेढीचा खर्च भागेल इतकेच व्याज लागे. १५१५च्या धर्मपरिषदेने या व्याजाला मान्यता दिली. पण गहाण ठेवायला ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला या पेढीचा उपयोग नव्हता. तो प्रश्न पुढची तीनशे वर्षे तसाच राहिला.

त्याला हात घातला गेला तो जर्मनीत, ऱ्हाईनकाठच्या डोंगराळ वेस्टरवाल्ड भागात. १८४६-४७च्या उपासमारीच्या हिवाळ्यात वायरबुश गावचा प्रॉटेस्टंट नगराध्यक्ष रायफायझन याने गावातल्या सधन लोकांकडून पैसे उभे केले, सामायिक भट्टी बांधली आणि स्वस्त पाव उधारीवर दिला. १८४९मध्ये फ्लामर्सफेल्ड इथे त्याच माणसाने सुमारे ६० सधन गावकऱ्यांना सामूहिक हमी द्यायला लावली. त्या हमीवर भांडवल उचलले, गुरे विकत घेतली आणि गरीब शेतकऱ्यांना ती हप्त्यांवर दिली. गुरांच्या व्यापाऱ्यांच्या कचाट्यातून सुटण्याचा तो मार्ग होता. १८५४मध्ये हेडेसडॉर्फ इथे निघालेल्या तिसऱ्या संस्थेने अनाथ मुलांचे संगोपन, तुरुंगातून सुटलेल्यांना काम आणि कर्जपुरवठा अशी अनेक कामे अंगावर घेतली. त्यांपैकी टिकले फक्त कर्जाचे काम.

दहा वर्षांत सधन सभासद गळू लागले. हमी त्यांची, धोका त्यांचा आणि कर्ज दुसऱ्याचे, असा तो मामला होता. १८६४मध्ये संस्थेची घडीच बदलली. कर्ज हवे असेल तर आधी सभासद व्हा आणि सभासद झालात की संस्थेच्या सगळ्या देण्याला स्वतःच्या मालमत्तेनिशी बांधील राहा, असा नियम आला. संस्थापकाने हा बदल नाइलाजाने स्वीकारला. श्रीमंतांची प्रीतीच गरिबांना तारील, अशी त्याची मूळ धारणा होती. आमच्या मते खरी पायरी हीच. देणारा आणि घेणारा ही विभागणी इथे पुसली गेली.

पुढे रायफायझन पद्धत म्हणून ओळखली गेलेली रचना यातून घडली. कार्यक्षेत्र एका गावापुरते किंवा धर्मग्रामापुरते, म्हणजे एका चर्चच्या हद्दीपुरते, कारण कर्जदार कसा राहतो, काय पितो, शेत कसे राखतो हे समितीला डोळ्यांनी दिसायला हवे. पदाधिकारी बिनपगारी, पगार फक्त हिशेबनिसाला. कर्ज उत्पादक कामासाठीच, जामीनदार घेऊन आणि पिकाच्या चालीने फेडता येईल अशा मुदतीचे. नफा वाटायचा नाही, तो गंगाजळीत जाई आणि संस्था मोडली तरी ती गंगाजळी सभासदांत वाटता येत नसे.

वाद पेटला तो अमर्याद जबाबदारीवर. हिशेब असा होता: कर्जदार थकला की आधी त्याच्याकडून वसुली, मग जामीनदारांकडून, मग गंगाजळीतून आणि त्यानंतरही तूट राहिली तर सर्व सभासदांकडून. समजा २०० रुपये बुडाले, जामीनदारांकडून ८० आले आणि गंगाजळीत ४० होते. उरलेले ८० रुपये ४० सभासदांवर वाटले तर प्रत्येकी दोन रुपये. हे सोपे वाटते. पण त्या ४०पैकी २०जणांकडे भरायला काहीच नसेल, तर ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्यावर चार रुपये येतात. म्हणजे भार बरोबरीचा दिसतो, पण पडतो मालमत्ता असलेल्यावर. म्हणून सधन शेतकरी बाहेर राहत आणि ते बाहेर राहिले की संस्थेची पत घसरे.

शास्त्राचा आधारही दोन्ही बाजूंना मिळे. बायबलमधली नीतिसूत्रे दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्यापासून स्पष्ट शब्दांत परावृत्त करतात. बायबलमधल्याच गलतीकरांच्या पत्रात मात्र एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा आहे. नीतिसूत्रांचा इशारा आंधळ्या जामीनकीबद्दल आहे, हे उत्तर आम्हाला पटते. धर्मग्रामाएवढ्या छोट्या क्षेत्राची अट तो आंधळेपणा काढण्यासाठीच होती. क्षेत्र वाढवून जबाबदारी तेवढी अमर्याद ठेवली तिथे सभासद अनोळखी माणसाला जामीन राहू लागले आणि नीतिसूत्रे खरी ठरली. जर्मनीत १८८९च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीचीही मुभा दिली.

भारतात ही पद्धत सरकारी हातांनी आली. १८७५मध्ये सुपे इथून पेटलेले सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे आणि १८७९चा शेतकरी साहाय्य कायदा महाराष्ट्राला परिचित आहेत. मद्रासेत जर्मन पद्धतीचा अभ्यास झाला, त्यातून सहकारी पतसंस्थांचा १९०४चा कायदा आला. एका गावचे दहा प्रौढ संस्था नोंदवू शकत. निबंधकाची संमती असेल तर एका जमातीचे, वर्गाचे किंवा जातीचेही. धर्मग्रामाच्या संस्थांना कायद्यात वाट मिळाली ती इथे. ग्रामीण संस्थेची जबाबदारी सर्वसाधारणपणे अमर्याद होती. १९१२च्या सहकारी कायद्यानुसार सभासदत्व सोडल्यावरही दोन वर्षे जुन्या देण्याची बांधिलकी राही. याच कायद्यात एक कलम आहे, ज्याची दखल फारशी घेतली जात नाही: नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकल्यावर उरलेल्यापैकी १० टक्क्यांपर्यंत रक्कम धर्मादाय कामाला देता येई. १८६४मध्ये संस्थेबाहेर गेलेले दान असे मागच्या दाराने परत आले.

छोटा नागपूरमध्ये १९०९मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाच्या एका धर्मगुरूने आदिवासी ख्रिस्तींसाठी पतसंस्था उभारली. तिथे प्रश्न सावकाराकडे जाणाऱ्या जमिनीचा होता. वसईत १९१८मध्ये एका धर्मगुरूच्याच पुढाकाराने कॅथलिक समाजाची पतपेढी निघाली, आज ती मोठी नागरी सहकारी बँक आहे.

अमर्याद जबाबदारीचा शेवट स्वातंत्र्यानंतर झाला. १९५१-५२च्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला आणि तिच्या १९५४च्या अहवालाने मोठ्या, मर्यादित जबाबदारीच्या संस्थांची शिफारस केली. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्यात नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे आणि लाभांश १५ टक्क्यांच्या आत ठेवणे ही बंधने आहेत. जुन्या रचनेचे एवढेच अवशेष उरले, आणि त्यांच्याबरोबर जामीनदार.

आज धर्मग्रामातल्या पतसंस्थेत दोन जामीनदार लागतात, ते बहुधा पगारदार असावेत अशी अपेक्षा असते, कारण १९६०च्या कायद्याच्या कलम ४९ खाली पगारातून कपात करून घेता येते. तेवढ्याने भागले नाही तर कलम १०१चा वसुली दाखला. बिघाडाच्या जागा ठरलेल्या आहेत. दोघे एकमेकांना जामीन राहतात, म्हणजे एक बुडाला की दुसरी सही निरुपयोगी. थकीत कर्ज मार्चअखेर नवे-जुने केले जाते, त्यामुळे थकबाकी कागदावर दिसत नाही आणि मुद्दल दरवर्षी फुगते. लग्नासाठी घेतलेले कर्ज दुरुस्तीच्या नावाखाली मंजूर होते. यावरचे उपाय जुन्या पद्धतीच्याच धाटणीचे आहेत: प्रत्येक जामीनदाराच्या नावावर आधीच्या किती जामीनक्या आहेत याची नोंदवही ठेवणे, रक्कम टप्प्याटप्प्याने देऊन पहिल्या टप्प्याचे काम जागेवर पाहणे आणि पहिला हप्ता चुकला की महिन्याच्या आत कर्जदाराच्या घरी जाणे. जामीनदारालाही तेव्हाच कळवावे. तीन वर्षांनी थेट नोटीस हाती पडली, तर सही करताना शेजाऱ्याचे ओझे उचलायला तयार असलेला माणूसही पुन्हा कोणाला जामीन राहत नाही.