समुद्री अर्चिनच्या आरंभिक भ्रूणातील प्रथिननिर्मितीचे नियंत्रण

समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या फलन न झालेल्या अंड्यात प्रथिने तयार करण्याचा सगळा सरंजाम असतो: प्रथिने विणणारे रायबोसोम, त्यांचा कच्चा माल असलेली अमिनो आम्ले आणि कोणते प्रथिन विणायचे हे सांगणारा, मातेकडून आलेला संदेशक आरएनए. तरीही काम जवळपास ठप्प असते. जेमतेम एक टक्का रायबोसोम संदेशकांवर बसलेले आढळतात. शुक्रपेशीशी संयोग होताच काही मिनिटांत प्रथिननिर्मिती वाढू लागते आणि दोनेक तासांत हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर जाते.

हा हुकूम केंद्रकातून सुटत नाही. एथेल ब्राउन हार्वी यांनी १९३६ मध्ये अंडी अपकेंद्री यंत्रात फिरवून त्यांचे तुकडे केले. केंद्रक नसलेले तुकडेही कृत्रिमरीत्या चेतवल्यावर विभागू लागले. पुढे १९६० च्या दशकात पॉल ग्रॉस यांनी अॅक्टिनोमायसिन डी वापरून नव्या आरएनएची निर्मिती रोखली, तरी फलनानंतरची प्रथिननिर्मिती सुरूच राहिली. म्हणजे संदेश आधीच लिहून ठेवलेले होते, ते वाचले जात नव्हते.

का वाचले जात नव्हते, याचे एकच उत्तर शोधण्यात बराच काळ गेला. संदेशक प्रथिनांच्या आवरणाखाली ‘झाकलेले’ असतात, ही कल्पना आकर्षक असली तरी एकटी पुरत नाही. फलनानंतर आधी कॅल्शियमची लाट उठते, मग पेशीद्रव्याचा पीएच साधारण ६.९ वरून ७.३ च्या आसपास चढतो. नुसत्या अमोनियाने पीएच वाढवला तरी प्रथिननिर्मिती अंशतः जागी होते. संदेशकाचे टोक पकडणाऱ्या ईआयएफ४ई या घटकाला अडकवून ठेवणारे प्रथिन फलनानंतर झपाट्याने नष्ट होते. शिवाय प्रत्येक रायबोसोमचा साखळी विणण्याचा वेगही दुपटीहून अधिक होतो.

डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या हिस्टोन प्रथिनांच्या काही संदेशकांची तऱ्हा वेगळी. ते अंड्याच्या केंद्रकातच कोंडलेले असतात आणि पहिल्या विभाजनावेळी केंद्रकपटल फुटल्यावरच पेशीद्रव्यात येतात.

अर्चिनची असंख्य अंडी एकाच ठेक्यात विभागतात, त्यामुळे प्रथिनांचा चढउतार स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत १९८२ मध्ये जीवशास्त्रज्ञ टिम हंट यांना याच भ्रूणांत असे एक प्रथिन सापडले, जे फलनानंतर साठत जाते, विभाजनाच्या सुमारास एकाएकी नाहीसे होते आणि पुन्हा साठू लागते. त्याचे नाव सायक्लिन ठेवले गेले. २००१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता. सायक्लिनचा संदेशकही अंड्यात साठवलेल्यांपैकीच, पण विभाजनासाठी लागणारे सायक्लिन त्यावरून फलनानंतर नव्याने विणावे लागते. म्हणूनच फलनानंतर लगेच प्रथिननिर्मिती औषधाने थांबवली, तर अंडे पहिल्या विभाजनापर्यंतही पोहोचत नाही.