टाक्याच्या दोऱ्यापासून जंतू मारणाऱ्या पॉलिमरपर्यंत

खानापूर तालुक्यातल्या आमच्या काकांना पक्षाघात झाला. गावातून बेळगावला, तिथून मुलाच्या आग्रहाने कोल्हापूरला, मग परत बेळगावला. सीमाभागातल्या घरांना ही वाट पाठ असते. या सगळ्या फेऱ्यांत लघवीची नळी मात्र तीच राहिली. बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, लघवी गढूळ झाली आणि सावरत आलेला माणूस पुन्हा तीन आठवडे अंथरुणाला खिळला. नळी कधी घातली, हे एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

शरीरात ठेवायची वस्तूच अशी का बनवत नाहीत, की तिच्यावर जंतूंना थाराच मिळू नये? तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. प्रश्न दीडशे वर्षांचा जुना निघाला.

ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांचं पुढचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. रक्तवाहिनी बांधलेला दोरा तेव्हा आत पिकायचा, म्हणून त्याची टोकं जखमेबाहेर लोंबती ठेवत आणि दोरा सुटून येण्याची वाट पाहत. १८६९ मध्ये लिस्टर यांनी जनावराच्या आतड्याची तात कार्बोलिकमध्ये मुरवून वापरायला घेतली. टोकं कापून जखम वरून बंद करता येऊ लागली, तात आतल्या आत विरघळून जायची. आत राहणाऱ्या वस्तूनेच जंतूंना आवरायचं, ही कल्पना इथून सुरू झाली.

आपल्या भागाला नवी शस्त्रक्रिया दिसली ती मुख्यतः मिरजेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय उभारलं. चिकोडी-अथणीकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘मिरजेला नेलं’ म्हणजे शेवटचा उपाय केला, असाच अर्थ असे.

पुढचा धागा जर्मनीत सापडतो. गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये चतुर्थक अमोनियम संयुगं जंतू मारतात हे दाखवलं. साबणासारखे रेणू, पण डोक्यावर धन विद्युतभार. याच डोमाक यांना प्रोन्टोसिल या पहिल्या सल्फा औषधासाठी १९३९ चं नोबेल जाहीर झालं. एकाच माणसाच्या हातून दोन वाटा निघाल्या. गोळीची वाट राजमार्ग झाली, पाठोपाठ पेनिसिलिन आलं; दुसरी वाट फरशी पुसण्याच्या आणि हत्यारं धुण्याच्या बाटलीत अडकली.

त्याच दशकांत रबर आणि प्लास्टिक शरीरात शिरत होतं. फुग्याने आत टिकून राहणारी फोली नळी, सलाईनच्या नळ्या, नंतर कृत्रिम झडपा आणि खुबे. या पृष्ठभागांवर जंतू सुटे राहत नाहीत. ते चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर विणतात आणि त्या आवरणाखाली वस्ती करतात. नदीतल्या दगडावर शेवाळी बुळबुळ धरते तसंच. बिल कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हे चित्र ठळकपणे मांडलं. या थरातल्या जंतूंवर प्रतिजैविकाचा असर फार कमी होतो, म्हणून बरेचदा नळी काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. लघवीची नळी आत असेल, तर लघवीत जंतू सापडण्याचा धोका दर दिवसाला ३ ते ७ टक्क्यांनी चढतो. काकांचा बारावा दिवस मला तेव्हा उमगला.

पॉलिमर म्हणजे एकच छोटा रेणू पुन्हा पुन्हा गुंफून केलेली लांब साखळी. डोमाक यांच्यासारखे धनभारित रेणू अशा साखळीत गुंफण्यावर १९८० च्या दशकात जपानमध्ये पद्धतशीर काम झालं. १९८७ मध्ये मायकेल झासलॉफ यांना बेडकाच्या कातडीत जंतू मारणारी छोटी प्रथिनं सापडली; तीही धनभारित. निसर्गाची आणि डोमाक यांची युक्ती एकच होती. जिवाणूच्या पटलावर, म्हणजे त्याच्या पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावर, ऋणभार असतो, आपल्या पेशीचा बाहेरचा थर जवळपास उदासीन. धनभारित साखळी म्हणून जिवाणूकडेच जास्त ओढली जाते, तिचे तेलकट धागे पटलात घुसतात आणि पटल फाटतं. प्रतिजैविक बहुधा जंतूच्या एखाद्याच यंत्रणेवर नेम धरतं, आणि ती यंत्रणा बदलून जंतू निसटतो. सगळं पटलच बदलणं त्याला जड जातं.

२००१ मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांच्या गटाने अशा साखळ्या काचेला पक्क्या बांधल्या. त्या काचेवर फवारलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतूंपैकी सुमारे ९४ टक्के मेले. काचेतून औषध झिरपून संपत नव्हतं, नुसत्या स्पर्शाने जंतू मरत होते. त्याच प्रयोगशाळेत काम केलेले जयंत हलदार पुढे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्रात आले आणि तिथे हे काम वाढलं. बेळगावहून रात्रीच्या गाडीला बसलं की सकाळी पोचावं, इतक्या अंतरावर.

प्रतिजैविकांची वाट बंद पडलेली नाही, आणि तिच्यात बेळगावचाही वाटा आहे. प्रसूतीच्या वेळी अझिथ्रोमायसिनचा एकच २ ग्रॅमचा डोस देण्याची सात देशांतली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. २९,२७८ बायका, आणि बेळगाव हे त्यातलं एक केंद्र. जंतुदोष पसरणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळंतरोगाने घरची बाई गेल्याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा आकडा छोटा वाटणार नाही. पण प्रत्येक डोसामागे जंतूंना शिकायची संधी मिळते. म्हणूनच जिथे वस्तूने काम भागेल तिथे औषध वाचवावं, असं मला वाटतं.

वस्तूने काम भागतं का, याची उत्तरं मात्र खडतर आहेत. चांदीचा लेप दिलेली नळी ब्रिटनमध्ये २०१२ च्या मोठ्या चाचणीत साध्या नळीपेक्षा सरस ठरली नाही. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेले टाक्याचे दोरे २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरावेत असं सुचवलंही. पण भारतासह सात देशांत, आपल्यासारख्याच रुग्णालयांत ५,७८८ रोग्यांवर झालेल्या चाचणीत (२०२१) त्यांचा फायदा दिसला नाही. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या त्या रोग्यांत टाके पिकण्याचं प्रमाण २२ टक्के होतं.

स्पर्शाने मारणाऱ्या पॉलिमरची अडचण वेगळीच. रक्तातली, लघवीतली प्रथिनं त्यावर साचतात, मेलेल्या जंतूंचा थर बसतो आणि नवे जंतू त्या थरावर सुखाने उतरतात. भार फार वाढवला तर तांबड्या पेशीही फुटतात. म्हणून आता एकाच साखळीत दोन गुण घालायचा प्रयत्न चालू आहे: एक भाग जंतूंना चिकटू न देणारा, दुसरा मारणारा. असा लेप आला तरी नळी जितके दिवस आत राहील तितका तो झाकला जाणार. नळी कोणत्या तारखेला घातली, हे तेव्हाही कागदावर लिहावं लागेल.