बेसाल्टचे महापूर व जागतिक पर्यावरण

भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ बेसाल्टी लाव्हा (थिजल्यावर बेसाल्ट हा काळा खडक बनणारा) पुन्हा पुन्हा बाहेर पडून लाखो चौ. किमी. प्रदेश झाकला जातो, तेव्हा त्या ज्वालामुखी क्रियेला बेसाल्टचा महापूर म्हणतात. दख्खनचे पठार सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी असेच घडले. झिजून उरलेले त्याचे क्षेत्र आजही सु. ५ लाख चौ. किमी. भरते. पुणे शहर सबंध याच खडकावर वसले आहे; पाताळेश्वराचे लेणे त्यातच कोरलेले आहे.

लाव्हा जाळतो ती वाटेतली जमीन. जगभर पोचतात ते वायू. पुण्याच्या खाणींत एकेका थराचा मधला भाग घट्ट काळवत्री दगडाचा, तर माथा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला आढळतो. पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशी खनिजे भरली. वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट यामुळेच जगभरच्या संग्रहांत गेला. या पोकळ्यांत अडकला तो थोडासा वायू. बराचसा आधीच हवेत निसटलेला होता.

त्यातला सल्फर डाय-ऑक्साइड हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनून ऊन अडवतो व आम्लपाऊस पाडतो. आइसलँडमधील लाकी भेगेतून १७८३-८४ मध्ये आठ महिन्यांत सु. १५ घन किमी. लाव्हा आणि सु. १२ कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइड बाहेर पडला. फ्लुओरीनने विषारी झालेले गवत खाऊन गुरे मेली व दुष्काळात देशातील सु. एक-पंचमांश माणसे दगावली. महापुरातल्या एकाच मोठ्या उद्रेकातून हजार घन किमी.हून अधिक लाव्हा येऊ शकतो. तरीही हे कण दोन-तीन वर्षांत खाली बसतात, त्यामुळे उद्रेकांमध्ये मोठा खंड पडला तर हवामान सावरते. कार्बन डाय-ऑक्साइडचे तसे नाही. तो हजारो वर्षे साचत जातो, तापमान वाढवतो आणि समुद्राचे पाणी आम्लधर्मी करतो.

म्हणून एकूण लाव्हा किती, यापेक्षा तो किती वेगाने आला व कोणत्या खडकांतून वर चढला, हे अधिक महत्त्वाचे. सायबीरियात सु. २५.२ कोटी वर्षांपूर्वी शिलारस कोळसा, मीठ व चुनखडकाच्या थरांत घुसला, ते थर भाजून निघाले आणि प्रचंड वायू सुटला. सागरी जातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या. दक्षिण अमेरिकेतील पाराना महापूर (सु. १३.४ कोटी वर्षांपूर्वी) आकाराने अवाढव्य, पण त्याच्याशी मोठा जीवविलोप जोडता येत नाही.

दख्खनच्या बाबतीत वेग मोजणे हीच खरी अडचण आहे. सिंहगडासारख्या डोंगरांत दोन थरांमध्ये विटकरी लाल पट्टे दिसतात. प्रत्येक पट्टा म्हणजे माती तयार होण्याइतका दीर्घ विश्रांतीकाळ, असे धरले तर हिशेब चुकतो. काही पट्टे कुजलेल्या ज्वालामुखी राखेचे, तर काही वरच्या लाव्ह्याने भाजलेल्या भुग्याचे असतात. उलट, एकाच उद्रेकाच्या अनेक जिभा वेगळे उद्रेक म्हणून मोजल्या जाण्याचाही धोका असतो. खडकाचे वय त्यात काळानुसार साचत गेलेल्या आर्गॉन वायूवरून काढता येते; पण कुजलेल्या बेसाल्टमधून आर्गॉन निसटतो व वय प्रत्यक्षाहून कमी निघते. यासाठी ताज्या खडकातील प्लॅजिओक्लेज हे खनिज निवडतात किंवा लाल पट्ट्यांतील राखेतून झिरकॉन या खनिजाचे कण वेचून युरेनियम-शिसे पद्धत (युरेनियमचे किती शिसे झाले यावरून वय काढणे) वापरतात.

२०१९ साली या दोन पद्धतींनी वेगवेगळी उत्तरे दिली. झिरकॉनवरून उद्रेकांचा एक मोठा लोट डायनोसॉरांच्या विलोपाच्या थोडा आधी येतो, आर्गॉनवरून सु. तीन-चतुर्थांश लाव्हा त्यानंतरचा ठरतो. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत आला, यावर दोन्हींचे एकमत आहे. मेक्सिकोतील चिकशुलूब येथे आदळलेला अशनी हेच विलोपाचे मुख्य कारण बहुतेक अभ्यासक मानतात. विलोपापूर्वीच्या दोन-तीन लाख वर्षांत समुद्र काही अंशांनी तापला, त्याला मात्र दख्खनचे वायू कारण असावेत.

महापूर ओसरल्यावर हाच खडक उलटे काम करतो. पावसात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड बेसाल्टमधील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी संयोग पावतो, नद्यांवाटे समुद्रात जातो आणि चुनखडकात बंदिस्त होतो. उष्ण, दमट प्रदेशात ही क्रिया जलद होते. मुळा-मुठेच्या खोऱ्यातील काळी माती याच झिजेतून बनली आहे.