कापलेल्या नकाशापासून संध्याकाळच्या विरंगुळ्यापर्यंत

जेवणं उरकली की टेबलावर जिगसॉचे, म्हणजे कापलेलं चित्र पुन्हा जोडायच्या कोड्याचे, तुकडे पसरायचे आणि तासभर त्यात डोकं घालायचं, हे आज अगदी स्वाभाविक वाटतं. पण या खेळाच्या इतिहासातली पहिली जवळपास दीडशे वर्षं मोठ्या माणसांनी त्याला विरंगुळा म्हणून हातच लावला नव्हता. तो जन्मला मुलांना भूगोल शिकवण्यासाठी. श्रीमंत मोठ्यांपर्यंत तो विसाव्या शतकात पोचला आणि सामान्य घरांत शिरला तो ऐन मंदीत. हा प्रवास कळायचा असेल तर पेटीवरच्या चित्रांपेक्षा ती चित्रं कापायच्या हत्यारांकडे पाहावं, असं माझं मत आहे. हत्यार बदललं की खेळणारा बदलला, असं प्रत्येक टप्प्यावर दिसतं.

जॉन स्पिल्सबरी हा लंडनमधला नकाशे कोरणारा कारागीर. राजाचे भूगोलतज्ज्ञ म्हणवले जाणारे टॉमस जेफ्रीज यांच्या हाताखाली तो तयार झाला. १७६०च्या दशकात ड्रुरी लेनजवळच्या आपल्या दुकानात तो छापील नकाशे महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवून देशांच्या सीमारेषांवरून कापून विकू लागला. १७६६ सालचा त्याचा युरोपचा नकाशा आजही जपून ठेवलेला आहे. हेच नकाशे तो समुद्राचे तुकडे वगळून स्वस्तातही देत असे. मुलाला देश ओळखता आले म्हणजे काम झालं, समुद्र कापायचा खर्च कशाला, असा सरळ हिशेब. आजच्या शौकिनाची मात्र खरी कसोटी लागते ती एकसारख्या निळ्या पाण्यात आणि आकाशातच. शिकवण्याची वस्तू आणि रमण्याची वस्तू यांतला फरक या एका गोष्टीवरून कळतो.

स्पिल्सबरी १७६९ साली, तिशीच्या आसपास वारला. या खेळाचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं, पण सगळं श्रेय त्याला देणं बरोबर नाही. लंडनमध्ये शिकवणाऱ्या फ्रेंच शिक्षिका व लेखिका मादाम लप्रँस द बोमों त्याच्या आधीपासून लाकडी नकाशे वापरत होत्या. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी असलेल्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडेही असे कापीव नकाशे होते आणि ते ठेवायचं त्यांचं कपाट अजून शाबूत आहे. आपल्याकडे खेळण्यांच्या दुकानात भारताच्या नकाशाचं पझल मिळतं, एकेक राज्य उचलायचं आणि त्याच्या जागी बसवायचं. ते थेट याच घराण्यातलं.

एकोणिसाव्या शतकात नकाशांच्या जोडीला राजांच्या वंशावळी, बायबलमधले प्रसंग, पशुपक्षी आले. छपाई स्वस्त झाली, महोगनीऐवजी हलकं लाकूड आलं. गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं : शिकायला बसवलेलं मूल.

मोठी माणसं यात पडली ती १९०८च्या सुमारास, अमेरिकेत. बारीक पात्याची, पायाने चालवायची करवत तोवर हाताशी आली होती, त्यामुळे लाकूड वळणावळणाने कापता येऊ लागलं होतं. तरी प्रत्येक तुकडा माणसानेच कापायचा होता. त्यामुळे ५०० तुकड्यांच्या पझलला ५ डॉलर पडत, आणि त्या काळी सर्वसाधारण कामगाराची महिन्याची कमाई ५० डॉलरच्या आसपास होती. साहजिकच हा नाद श्रीमंतांचा राहिला.

त्या काळचं पझल आजच्यापेक्षा बरंच अवघड असे. पेटीवर चित्र नसे. नुसतं एक नाव, आणि तेही बरेचदा फसवं. तुकडे एकमेकांत अडकत नसत, नुसते शेजारी टेकून राहत. कोपर लागलं किंवा जोरात शिंक आली तरी तासाभराची मेहनत विस्कटायची. शिवाय कापणारे रंग बदलतो त्या रेषेवरूनच करवत फिरवत. लाल छप्पर जिथे संपतं आणि हिरवं झाड जिथे सुरू होतं, नेमकं तिथेच कापलेलं. म्हणजे लाल तुकड्यावर हिरव्याचा ठिपकाही नाही आणि छपराशेजारी झाड आहे हे कळायला काही मार्गच नाही. त्या कारागिरांचं मला फार कौतुक वाटतं. चित्राकडे बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर ते जोडणाऱ्याची अडचण असायची.

अमेरिकेतल्या सेलम गावची पार्कर ब्रदर्स कंपनी या लाटेत अशी ओढली गेली की १९०९ साली तिने बाकीचे खेळ बाजूला ठेवून कारखाना पझल्सना वाहून घेतला. कापणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांच्या ‘पास्टाइम’ पझल्समध्ये पक्षी, प्राणी, अक्षरं अशा ओळखू येणाऱ्या आकारांचे तुकडे मुद्दाम घातलेले असत. लंडनच्या राफाएल टक कंपनीची ‘झॅग-झॉ’ पझल्सही त्याच सुमाराची. पुढे १९२४ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने चॅड व्हॅली या खेळणी कंपनीकडून आपल्या जाहिरातीसाठी लाकडी पझल्स करून घेतली. त्यांवर आगगाडीची इंजिनं, किल्ले, समुद्रकाठची गावं असत. सहलीचं ठिकाण आधी टेबलावर जोडायचं आणि मग तिकीट काढून बघायला जायचं, ही रेल्वेची कल्पना. जिगसॉच्या पेटीवर आजही निसर्गरम्य गावं आणि जुन्या आगगाड्या इतक्या दिसतात, त्यात या परंपरेचा वाटा आहे असं मला वाटतं.

मग आली १९२९ नंतरची महामंदी, आणि चित्र पालटलं. अमेरिकेत १९३३ साली दर चार कामगारांमागे एक बेकार होता. हॉटेल, नाटक, सहल परवडत नव्हती आणि हातात रिकामा वेळ भरपूर होता. काम सुटलेले सुतार आणि वास्तुरचनाकार घरच्या घरी लाकडी पझल्स कापून आसपास विकू लागले, भाड्याने देऊ लागले. औषधांची दुकानं आणि वाचनालयंही पझल्स भाड्याने देत. एकदा जोडलं की मोडून परत करायचं आणि दुसरं आणायचं.

त्याच वेळी पुठ्ठ्याचं पझल स्वस्त झालं. त्यामागचं तंत्र साधं आहे. पोलादाच्या पातळ धारदार पट्ट्या वाकवून लाकडी फळीत उभ्या बसवतात, म्हणजे डाय तयार होतो. चित्र चिकटवलेला पुठ्ठा त्याखाली ठेवून प्रचंड दाब दिला की एका दणक्यात शेकडो तुकडे पडतात. जे कापायला कारागिराला अख्खा दिवस लागायचा, ते क्षणात. १९३२ साली एका टूथब्रश कंपनीने ब्रशबरोबर पझल फुकट द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर दर आठवड्याला नवं पझल येऊ लागलं, किंमत २५ सेंट. १९३३च्या सुरुवातीला अमेरिकेत आठवड्याला १ कोटी पझल्स खपत होती, असं इतिहासकार सांगतात.

डायमुळे आणखी एक गोष्ट सामान्य घरांत पोचली. एकमेकांत अडकणारे तुकडे ‘पास्टाइम’सारख्या महागड्या लाकडी पझल्समध्ये आधीच आले होते, ते आता स्वस्त पझलमध्येही मिळू लागले. अर्धवट पझल रात्रभर तसंच टेबलावर ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे जोडणं सोपं झालं. रोजच्या छंदासाठी हे किती मोलाचं आहे, ते थोडा थोडा वेळ काढून जोडत बसणाऱ्या कुणालाही विचारा. आणि बेकारीत दिवस काढणाऱ्या माणसाला हा खेळ का धरून ठेवत असेल, तेही मला समजतं. बाहेर काहीच मनासारखं होत नव्हतं. इथे मात्र प्रत्येक तुकड्याला जागा होती आणि बसलं की हाताला ते कळत होतं.

पुठ्ठा आला तरी लाकूड लगेच संपलं नाही. १९३२ मध्येच न्यूयॉर्कला ‘पार’ पझल्स सुरू झाली, अगदी महागडी, प्रत्येक पेटीत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक तुकडा ही त्यांची सही. इंग्लंडमध्ये लाकडी पझल्स उसनी देणारी एक लायब्ररी आजही चालते, तीही पेटीवर चित्र न लावता. एलिझाबेथ राणी तिच्या आश्रयदात्या होत्या. पण युद्धानंतर मजुरी वाढली आणि हाताने कापणं बहुतेकांना परवडेनासं झालं.

१९६४ साली स्प्रिंगबोक कंपनीने अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या ‘कन्व्हर्जन्स’ या अमूर्त चित्राचं ३४० तुकड्यांचं पझल काढलं. रंगांचे शिंतोडेच शिंतोडे, ओळखीची एक आकृती नाही. ते तुफान खपलं. त्याच वर्षी जर्मनीत राव्हेन्सबर्गर ही १८८३ पासूनची जुनी प्रकाशनसंस्था पझल्समध्ये उतरली आणि पुढे या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव झाली.

या छंदाने स्मरणशक्ती वाढते, मेंदू तल्लख होतो असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे पाहण्यासारखा आहे. पन्नाशीपुढच्या १०० निरोगी माणसांवर त्यांनी प्रयोग केला. अर्ध्या गटाने महिनाभर रोज किमान तासभर जिगसॉ जोडायचं होतं. जिगसॉ जोडताना आपण बघणं, मनात आकार फिरवणं, लक्षात ठेवणं अशा अनेक क्षमता वापरतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. पण महिनाभरात बुद्धीत लक्षणीय वाढ मात्र दिसली नाही. वर्षानुवर्षं जोडणाऱ्यांना फायदा होत असेल, पण ते या प्रयोगातून सिद्ध होत नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. निवांतपणासाठी केलेल्या गोष्टीला औषधाचं लेबल लावायची गरजच काय?

२०२०च्या टाळेबंदीत जगभर पझल्सची मागणी एकाएकी इतकी वाढली की कारखाने पुरे पडेनात. घरात अडकलेला माणूस, रिकामे तास आणि बाहेरची अनिश्चितता, हे सगळं १९३३ सारखंच होतं. टाळेबंदीच्या आदल्या वर्षी स्पेनमधल्या व्हायाडोलीद शहरात पहिली जागतिक जिगसॉ स्पर्धा झाली होती. तिथे एकेकटे स्पर्धक ५०० तुकडे घड्याळ लावून जोडतात. बघायला थरारक, पण या लेखातला छंद तो नव्हे.

आपल्याकडे जिगसॉ बराच काळ मुलांच्या कप्प्यातच राहिला. मोठ्यांचा वेळ वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याने घेतला, नंतर सुडोकूने. आता देशी बनावटीची पझल्स सहज मिळतात. फनस्कूल कंपनी १९८७ पासून खेळणी बनवते, तिचं उत्पादन गोव्यातही होतं आणि तिच्याकडे मोठ्यांसाठीही ५०० व १००० तुकड्यांची पझल्स आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ३०० किंवा ५०० तुकड्यांचं, भरपूर रंगांचं चित्र घ्यावं. १००० तुकड्यांचं पझल साधारण ७० बाय ५० सेंटिमीटरचं भरतं, शिवाय सुटे तुकडे पसरायला तेवढीच जागा लागते. फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल दोन आठवडे अडवता येत नाही, म्हणून प्लायवूडची एक फळी कापून घ्यावी आणि त्यावरच जोडावं. काम थांबलं की फळी अलगद पलंगाखाली सरकवता येते.