हॅझर्ड: फाशांच्या डावातून टँकरच्या पाटीवर

बोरघाटात मालट्रकांच्या रांगेत अडकलं की वाचायला एकच साहित्य उरतं, पुढच्या गाडीची पाठ. एकदा पुढे पेट्रोलचा टँकर होता. ज्वाळेचं चित्र असलेला लाल चौकोन, त्याच्याजवळ 1203 हा आकडा आणि ठळक अक्षरांत ‘3 वाय ई’. 1203 हा पेट्रोलला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. ‘3 वाय ई’ मात्र आपल्यासाठी लिहिलेलं नसतंच, ते अग्निशमन दलाच्या जवानांसाठी असतं. 3 म्हणजे आग विझवायला फेस वापरा. वाय म्हणजे श्वसनयंत्र लावून पुढे जा, हे द्रव्य भडकू शकतं, आणि सांडलेलं गटारात वाहू देऊ नका, अडवून धरा. शेवटचा ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. ओढ्याकाठी उलटलेल्या टँकरसमोर पुस्तक उघडून वाचायला कुणाला वेळ असणार? म्हणून लंडनच्या अग्निशमन दलाने 1970च्या दशकात हा संकेत बसवला. त्याचं नाव हॅझकेम, म्हणजे हॅझर्ड आणि केमिकल यांची सांगड.

यातला हॅझर्ड मूळचा जुगारी. जुन्या फ्रेंचमध्ये ‘हाझार’ हा फाशांचा खेळ होता. तो शब्द अरबीतल्या फाशाच्या नावावरून आला असावा, असा एक तर्क आहे. इंग्लंडमध्ये हा खेळ ‘हॅझर्ड’ झाला: दोन फासे, आणि टाकणाऱ्याने आधी पाच ते नऊमधला एक आकडा बोलायचा. फ्रेंच माणूस आजही योगायोगाला हाच शब्द वापरतो, त्यात भीतीचा लवलेश नाही. इंग्रजीत मात्र फासे हरवले आणि भीती उरली. गंमत म्हणजे 1654 साली पास्काल आणि फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला, तोही जुगाराच्याच कोड्यांवरून. हे गणित ज्याच्या कामी आलं तो शब्द मात्र दुसराच, रिस्क.

आपली खरी पंचाईत इथे आहे. मराठीत दोन्हींना सरसकट ‘धोका’ म्हणतात. विज्ञानात हॅझर्ड म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अंगी असलेली इजा करण्याची क्षमता. रिस्क म्हणजे ती इजा तुम्हाला, इथे, होण्याची शक्यता किती आणि झालीच तर केवढी, याचा हिशेब. पिंजऱ्यातल्या वाघाचे दात तेवढेच तीक्ष्ण असतात, फक्त मध्ये गज असतात. मी स्वतः हॅझर्डला धोका आणि रिस्कला जोखीम म्हणतो. जी जोखता येते ती जोखीम. ही व्युत्पत्ती नव्हे, लक्षात ठेवायची युक्ती.

हा फरक पुसला गेला की बातम्या कशा बनतात ते बघा. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. अमुक गोष्टीने कर्करोग होऊ शकतो का, आणि त्याचा पुरावा किती पक्का आहे, एवढंच पाहून ती गट पाडते. तिच्या पहिल्या गटात तंबाखू आहे, दारू आहे, ऊन आहे, लाकडाचा भुसा आहे. 2015 साली त्यात सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस आलं आणि ‘सॉसेज सिगारेटइतकंच घातक’ असे मथळे जगभर झळकले. पुरावा तितकाच पक्का होता, घात तितका नव्हता. रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे 18 टक्क्यांनी वाढते. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता 15 ते 30 पट होते. टक्के कुठे आणि पट कुठे!

त्याच पहिल्या गटात आपली सुपारीही आहे, तंबाखू न लावलेली, नुसती. चौरंगावर गणपती म्हणून मांडलेली सुपारी आणि दिवसभर गालात धरलेली सुपारी यांचा धोका एकच. जोखीम सगळी गालातलीच्या वाट्याला. सतत सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि पुढे तोंडात घास जाण्याइतकाही जबडा उघडत नाही.

14 जुलै 2023 रोजी तर दोन्ही शब्द एकाच दिवशी समोरासमोर आले. डाएट कोलामधल्या ॲस्पार्टेम या गोडव्याला लिऑनच्या संस्थेने ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. त्याच दिवशी अन्नातल्या रसायनांची जोखीम तपासणाऱ्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने सांगितलं की दिवसाला शरीराच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा बदलायचं कारण नाही. म्हणजे 70 किलोच्या माणसाने ती ओलांडायची तर रोज 9 ते 14 कॅन प्यावे लागतील. लोकांना वाटलं, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. खरं तर एकाने धोका सांगितला होता आणि दुसऱ्याने जोखीम.

उलटा प्रकार आपल्याच मातीत घडला, आणि तो जीवघेणा होता. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. विसर्जन करून गावं गाढ झोपलेली. किल्लारीचा परिसर तेव्हाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंप झाला 6.2चा. जपान आणि त्याच्या आसपासच्या समुद्रात एवढ्या मापाचे धक्के वर्षातून अनेकदा बसतात. पण इथे घरं माळवदाची. उन्हाळ्यात गारवा देणारी, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली: मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांवर दरवर्षी चढत गेलेला मातीचा थर. भिंतीचे दगड सुटले आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. हजारो माणसं गेली. नकाशात धोका कमी दाखवला होता, जोखीम मात्र माळवदावर साठत गेली होती. 2002च्या नकाशात तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग वरच्या पट्ट्यात गेला.

तर घाटातली रांग अखेर हलली. बोगदा आला आणि पुढच्या चार गाड्यांनी लाल त्रिकोणाचं बटण दाबून चारही दिवे लुकलुकवायला सुरुवात केली. त्या बटणाचं नावही हॅझर्डच. गाडी बंद पडून रस्त्यात उभी राहिली तर ‘इथे अडथळा आहे’ हे मागच्याला कळावं, यासाठी ते आहे. आपल्याकडे मात्र ते पावसात लावतात, धुक्यात लावतात, चौकात ‘मी सरळ चाललोय’ हे सांगायलाही लावतात. टँकरवाला आपला मुकाट, एकही दिवा न लुकलुकवता डावीकडून चालला होता. बोगदा संपताच चारही दिवे लावलेली एक मोटार त्याच्या अगदी पुढ्यातून डावीकडे वळली, आणि ती वळणार आहे हे कळायला आम्हा कुणालाच काही मार्ग नव्हता.